पावतीवर ‘कॉम्प्युटर सेट, 1 नग’ एवढंच?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

लेकरांच्या गेमच्या वेडाबद्दल आपल्या पेपरात वाचकांची पत्रं येतात. डोळे गेले, अभ्यास बुडाला, पोरगं जेवायला उठत नाही. असेल तसं. माझी तक्रार वेगळी आहे. त्या वेडापायी आई-बाप वीस, तीस, पन्नास हजार मोजतात, त्या पैशात घरी नेमकं काय येतं यावर कुणी लिहीत नाही. मीही लिहिलं नसतं, पण माझेच गेले.

मी मानवतला मोटार रिवायंडिंगचं दुकान चालवतो, 28 वर्षं झाली. कॉम्प्युटर मला येत नाही, हे पत्रसुद्धा मी सांगितलं आणि लेकीनं टाइप केलं. पण व्होल्ट, अँपिअर आणि वॅट यात मला सहसा कुणी फसवत नाही. तरी फसलो, कारण डब्यात निळे-जांभळे दिवे होते.

2024च्या दिवाळीची गोष्ट. लेक डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला, दहावीपासून ‘गेमिंग पीसी’ मागत होती. जिल्ह्याच्या ठिकाणी एका दुकानात गेलो. काचेची पेटी, आत रंग बदलणारे पंखे. दुकानदार म्हणाला, “मामा, आय सेव्हन आहे. 16 जीबी रॅम, 4 जीबीचं ग्राफिक कार्ड. पोरीला चार वर्षं बघायचं काम नाही.” मॉनिटर धरून 24,000 रुपये. पावतीवर लिहिलं: कॉम्प्युटर सेट, 1 नग.

‘मोटार, 1 नग’ अशी पावती घेऊन कुणी शेतकरी माझ्याकडं आला असता तर मी त्याला बसवून चहा पाजला असता आणि मग चार शब्द सुनावले असते. किती एचपी? सिंगल फेज का थ्री फेज? पंप किती स्टेजचा? वायंडिंग कॉपरचं का अ‍ॅल्युमिनियमचं? साध्या मोटारीवरही नेमप्लेट असते. आणि मी मात्र 24 हजारांची पावती घडी घालून खिशात टाकली आणि बसस्टँडवर येऊन उसाचा रस प्यालो.

महिनाभरात लेकीचं तोंड उतरलं. गेममध्ये गाडी वळवली की रस्ता मागून यायचा. एक नवा गेम तर सुरूच होईना. एका रविवारी तिनं पेटी उघडली आणि आतल्या एकेका वस्तूवरचा नंबर वहीत उतरवला. मी शेजारी बसलो होतो. तिथून मला ही भाषा कळायला लागली, कारण ती नेमप्लेटचीच भाषा निघाली.

प्रोसेसर, म्हणजे मशीनचं मुख्य डोकं, आय सेव्हन होता, खोटं नव्हतं. पण पुढं नंबर होता 2600. त्यातला पहिला 2 म्हणजे सेकंड जनरेशन. हा प्रोसेसर जानेवारी 2011 मध्ये बाजारात आला. लेक तेव्हा अंगणवाडीत होती. त्याउलट अलीकडचा साधा आय थ्री, 12100, हा बाराव्या जनरेशनचा, 2022चा. दोघांनाही कोअर, म्हणजे काम करणारे हात, चारच, तरी आय थ्री त्या आय सेव्हनच्या दुपटीहून जास्त काम करतो. म्हणजे तीन, पाच, सात हे आकडे एकाच पिढीतल्या भावाभावांत लहान-मोठा कोण ते सांगतात. पिढी बदलली की आजोबा सात असले तरी नातू तीन त्यांना मागं टाकतो. दुकानात मात्र ‘आय सेव्हन’ एवढंच बोललं जातं, पुढचा नंबर कुणी उच्चारत नाही.

ग्राफिक कार्डाची, म्हणजे पडद्यावर चित्र काढणाऱ्या भागाची, तीच गत. ‘4 जीबी’ म्हणजे जीटी 730, 2014चं मॉडेल. 4 जीबी हा नुसता हौद झाला. त्या हौदातून पाणी काढायचा पाइप 64 बिटचा आणि मेमरी जुनी डीडीआर3, त्यामुळं सेकंदाला 14.4 जीबीच्या वर माल बाहेर येत नाही. पुढं आम्ही जे कार्ड घेतलं, आरएक्स 6600, त्याचा हाच आकडा 224 आहे. हौद दुप्पट, 8 जीबीचा, पण तोटी पंधरा पटींनी मोठी. गिऱ्हाइकाला मात्र हौदच दाखवतात.

जानेवारीत त्याच दुकानात गेलो. भांडायला नाही, विचारायला. दुकानदार म्हणाला, “मामा, कार्ड बदलू. आरएक्स 6600 टाका, 21 हजारात. गेम उडतंय.”

“या मशीनला चालंल का?”

“सपोर्ट करतंय की. जोड लावून देतो.”

जोड म्हणजे हार्डडिस्कला जाणाऱ्या चार पिनी वायरीतून काढलेला फाटा, त्याच्या टोकाला कार्डाचा आठ पिनी प्लग. मी म्हणलं, “आणि नाही चाललं तर?” तो हसला आणि म्हणाला, “बनी तो बनी, नहीं तो परभणी!”

आपल्या जिल्ह्याची ही म्हण मलाही आवडते. लग्नात, एसटीत, निवडणुकीत मीच ती चार वेळा म्हणतो. पण 21 हजारांच्या कार्डावर नको. मी त्याला पेटी उघडायला लावली आणि एसएमपीएस बाहेर काढला. एसएमपीएस म्हणजे घरातली 230 व्होल्ट एसी घेऊन आतल्या भागांना 12, 5 आणि 3.3 व्होल्ट डीसी पुरवणारा पत्र्याचा डबा. वर मोठ्या अक्षरात 450 वॅट. हातात घेतला तेव्हाच मनात पाल चुकचुकली, कारण तो फार हलका होता. अ‍ॅल्युमिनियमची मोटार कॉपरची म्हणून विकतात तेव्हा पहिली चुगली वजनच करतं. वायरी बोटात चोळून पाहिल्या, त्याही बारीक. चांगल्या डब्याच्या वायरीवर 18 एडब्ल्यूजी असं, म्हणजे वायरीची जाडी, छापलेलं असतं, इथं काहीच नव्हतं.

मग लेबल वाचलं. 12 व्होल्टच्या रकान्यात 16 अँपिअर. प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड दोन्ही खातात ते याच 12 व्होल्टच्या लाइनीवर. 12 गुणिले 16, झाले 192 वॅट. त्या आय सेव्हनचे 95 आणि नव्या कार्डाचे 132 मिळून 227 होतात. बोर्ड (सगळे भाग ज्यावर बसतात तो), पंखे, डिस्क अजून मोजलेच नाहीत आणि 35 वॅट कमी पडले. उरलेले वॅट 5 आणि 3.3च्या लाइनीत वाटलेले, आणि काही नुसते खोक्यावरच. तीन एचपीच्या स्टार्टरवर साडेसातची मोटार लावून द्यायचा हा प्रकार. गेम सुरू होईपर्यंत चाललं असतं. लोड आला की मशीन बंद, नाही तर त्या फाट्याचा प्लग वितळला असता.

मी हा हिशोब त्याच्याच बिलबुकावर मांडून दाखवला. एक गोष्ट मी त्या दुकानदाराच्या बाजूनं लिहितो. तो चोर नाही. ते लेबल त्यानं आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासमोर वाचलं, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. त्याला वर्षानुवर्षं कुणी विचारलंच नाही, म्हणून त्यानंही बघितलं नाही.

ती मशीन मी मॉनिटर ठेवून घेऊन एका मित्राच्या सेवा केंद्राला 9,000 रुपयांत दिली. सातबारा काढायला, पीकविम्याचे फॉर्म भरायला झकास चालते. त्यावर विंडोज 10 होतं. त्याचे नेहमीचे अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला संपले, आणि विंडोज 11 ला मायक्रोसॉफ्ट इंटेलचा आठव्या जनरेशनपासून पुढचाच प्रोसेसर मागतं. मित्राला ही अडचण अजून सांगायची आहे.

दुसऱ्या वेळी लेकीनं दुकानाआधी वही उघडली. प्रत्येक भागापुढं त्याचा मॉडेल नंबर, आणि त्यापुढं ‘याचा मेळ कशाशी’ असा एक रकाना. तो रकाना मला फार आवडला. पंप घेताना आपण बोअरची खोली, केसिंगची इंची, पाइप आणि स्टार्टर एकमेकांशी ताडूनच घेतो ना?

पहिलं भांडण प्रोसेसरवरून झालं. तिला रायझेन 5 5600 हवा होता, सहा कोअरचा. त्याला लागणारे एएम4 सॉकेटचे (प्रोसेसर बसायच्या जागेचे) बी450 बोर्ड आमच्याकडं स्वस्तात मिळत होते, पण जुन्या साठ्यातले. ते बोर्ड 2018पासूनचे, प्रोसेसर 2022चा. सॉकेट तंतोतंत जुळतं, प्रोसेसर आत बसतो, आणि बोर्डाचा बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारा त्यातला प्रोग्राम, जुना असेल तर बोर्ड त्याला ओळखतच नाही. बायोस अपडेट करून देणार का, असं दोन ठिकाणी विचारलं. दोन्हीकडं उत्तर मिळालं, “घ्या तर खरं, बघू.” म्हणून मी आय थ्री 12100एफ आणि एच610 बोर्डाचा हट्ट धरला. हा बोर्ड बाराव्या जनरेशनबरोबरच आला, त्यामुळं ओळख-पाळखीची भानगड नाही. सहा कोअर सोडून चार घेतले म्हणून लेक अजून मला बोलते, आणि तिचं चूक आहे असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही.

रॅममध्ये एक खाच बघायची, अक्षरशः खाच. डीडीआर4 आणि डीडीआर5 या रॅमच्या दोन पिढ्या, दोन्हींना 288 पिना, लांबी सारखी, पण मधली खाच वेगळ्या जागी. एच610चे बोर्ड दोन्ही प्रकारांत येतात. काहींच्या नावाच्या शेवटी ‘डी4’ असं शेपूट असतं, तेवढाच फरक. चुकीची रॅम आणली तर ती बसत नाही, आणि जोर करून बसवली तर बोर्ड जातो. 16 जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा 8-8च्या दोन घेतल्या, म्हणजे दोन्ही बाजूंनी पाणी चालतं.

मे 2025 मध्ये मी, लेक आणि फडक्यात बांधलेल्या दशम्या, असे आम्ही परभणीहून देवगिरी एक्स्प्रेसनं सिकंदराबादला गेलो. तिथं पार्कलेनला चेनॉय ट्रेड सेंटर म्हणून कॉम्प्युटरच्या सुट्या भागांचा बाजार आहे. हिंदी आपल्यासारखीच बोलतात, त्यामुळं घासाघीस जमली. प्रोसेसर 8,000, बोर्ड 6,500, रॅम 3,300, कार्ड 21,000, 500 जीबीची एनव्हीएमई (वेगवान) डिस्क 3,000, 550 वॅटचा एसएमपीएस 3,900, कॅबिनेट 2,300. बेरीज 48,000. हे आकडे घेऊन आज दुकानात जाऊ नका. 2025च्या शेवटी रॅमचे भाव असे चढले की ती 3,300ची रॅम कुणी त्या भावात दाखवली तर मीच त्याच्याकडं संशयानं बघीन.

एसएमपीएसवर तिथल्या पोरानं मला ‘80 प्लस ब्रॉन्झ’चा शिक्का दाखवला. तो शिक्का किती वीज वाया जाते त्याचा आहे, डबा दणकट आहे याचा नाही. मी परत लेबलच बघितलं: 12 व्होल्टला 40 अँपिअरच्या वर. प्रोसेसर भरात 89, कार्ड 132, बाकी किरकोळ. निम्म्या ताकदीवर चालेल आणि थंड राहील.

आणि बिल. सात वस्तू, सात ओळी. प्रत्येक ओळीत मॉडेल नंबर, खाली सीरियल नंबर, वॉरंटीची वर्षं, 18 टक्के जीएसटी वेगळा. ते बिल हातात घेतलं आणि मला दिवाळीतली ती चिठोरी आठवली.

जोडणी रविवारी माझ्याच दुकानात केली, कॉइल गुंडाळायच्या टेबलावर, वार्निशच्या वासात. बोर्डावर प्रोसेसर बसतो तिथं 1,700 टाचण्या असतात. मी 40 गेजची तार हाताळलेला माणूस, पण चष्मा लावूनही त्या टाचण्या मला एकेक दिसेनात. प्रोसेसरच्या कोपऱ्यावरचा सोनेरी त्रिकोण बोर्डावरच्या त्रिकोणाशी जुळवून लेकीनं तो नुसता सोडला, दाबला नाही. मग दांडी खाली ओढताना कर्र असा आवाज आला आणि मी डोळे मिटले. तो आवाज येतोच म्हणे.

बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले, पडदा काळा. रॅम काढून घातली, पडदा काळाच. मी टेस्टर काढला, मल्टिमीटर लावला, 12 व्होल्ट व्यवस्थित. दीड तास गेला. मी मनात 48 हजारांचं गणित मांडत होतो. मग लेकीनं खोकं हातात घेतलं आणि एकदम हसायला लागली. “पप्पा, एफ!” 12100 च्या पुढं जो एफ आहे, त्याचा अर्थ या प्रोसेसरमध्ये चित्र दाखवायची सोयच नाही. आणि मी मॉनिटरची एचडीएमआय वायर खोचली होती बोर्डाच्या भोकात. तिथून चित्र येणार कुठून? वायर चार बोटं खाली, ग्राफिक कार्डाच्या भोकात लावली आणि पडदा उजळला. हा एफ असला की भाव थोडा कमी असतो. कार्ड आजच घ्यायचं असेल तर एफ घ्या. कार्ड पुढच्या हंगामात घेऊ असं म्हणणाऱ्याला एफ विकला तर तो सहा महिने काळा पडदा बघत बसेल. किती दुकानदार हे आधी सांगतात?

घरी नेल्यावर शेवटचा धडा मला मिळाला आणि तो लिहायची लाज वाटते. लेक शहाबादी फरशीवर अनवाणी बसून कॅबिनेटच्या स्क्रूला हात लावायची आणि झिणझिण्या यायच्या. टेस्टर लावला तर पेटला. एसएमपीएसमधल्या फिल्टरचे कपॅसिटर अंगाला जोडलेले असतात, अर्थिंग नसलं की डब्याचं अंग साधारण निम्म्या व्होल्टवर, 115च्या आसपास तरंगत राहतं. करंट अगदी थोडा, पण ते भागांना आणि माणसाला दोघांनाही बरं नाही. गावाच्या विहिरींवर अर्थिंग करून देणाऱ्या माझ्याच घरात सॉकेटचं तिसरं भोक नुसतं दाखवायला होतं. अंगणात खड्डा घेतला, मीठ-कोळसा भरला, पट्टी पुरली. 1,400 रुपये गेले. पोराच्या कॉम्प्युटरचं बजेट करणाऱ्यांनी हे 1,400 त्यात धरावेत. दिव्यांचे पंखे दोन कमी घ्या.

पुढचं तोंड काचेनं बंद असलेलं कॅबिनेटही घेऊ नका. आमच्या मेच्या उन्हात पत्र्याखालच्या खोलीत आणि जिनिंगच्या हंगामातल्या कापसाच्या तुसात ते आतून भट्टी होतं. आमच्या जाळीवर महिन्याला ब्रश मारावा लागतो.

आता मागणी. आपल्या भागातल्या कॉम्प्युटर विक्रेत्यांनी, विशेषतः जोडून मशीन विकणाऱ्यांनी, पावतीवर प्रत्येक भागाचा मॉडेल नंबर, सीरियल नंबर, वस्तू नवी का वापरलेली, आणि एसएमपीएसचे 12 व्होल्टचे अँपिअर लिहून द्यावेत. चार ओळींचं काम आहे. त्यांच्या संघटना जिथं असतील तिथं त्यांनीच हा नियम करावा, म्हणजे नंबर लिहिणारा महाग आणि न लिहिणारा स्वस्त असं होणार नाही. जुनी मशीन विकायला हरकत नाही, मीही जुन्याच मोटारी भरून विकतो. फक्त जुनी आहे असं लिहा.

गिऱ्हाइकांनी पैसे देण्याआधी कागदावर नंबर मागावेत. ते नंबर घरी पोरांना दाखवावेत, त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. बिलच न देणं ही 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915 आहे, आणि 5 लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला जिल्हा आयोगात फी लागत नाही. माझ्या हातात ‘1 नग’ची चिठोरी होती, मी तक्रार तरी कशाची करणार होतो? पावतीप्रमाणे कॉम्प्युटर सेट मिळालाच होता, नगही एकच होता.

पत्र लांबलं आहे, कात्री लावावी लागेल याची कल्पना आहे. अर्थिंगचं उडवलं तरी चालेल, माझी अब्रू वाचेल. 12 गुणिले 16ची ओळ तेवढी ठेवा.

आणि कृपया माझं नाव छापू नये. दुकानदार आमच्या पलीकडच्या गावचा आहे, आणि त्याच्या वडिलांची साडेसात एचपीची मोटार परवापासून माझ्या टेबलावर उघडी पडलेली आहे. तिला पाणी लागलंय. सोमवारी द्यायची कबूल केली आहे.

आपला,
एक रिवायंडिंगवाला
मानवत, जि. परभणी